लेकाला धक्के खाऊ देऊ का?

पत्र मोठं होतं, थोडं कमी करून देते:

"ताई नमस्कार, आम्ही कॅनडात मिसिसॉगाला राहतो, इथे येऊन ११ वर्षं झाली. मुलगा १२ वर्षांचा आहे, सहाव्या वर्षापासून आइस हॉकी खेळतो. अंगाने बारीक आहे पण स्केटिंग सुंदर, कोच म्हणतात हातात जादू आहे. पुढच्या सीझनला तो यू-१४ मध्ये, म्हणजे १४ च्या आतल्या गटात, जाईल आणि त्याच्या लेव्हलला बॉडी चेकिंग सुरू होईल. माझ्या पोटात आत्तापासून गोळा आलाय. त्यात घरी शनिवारी रात्री ह्यांचे मित्र जमतात, मॅच लागते, आणि मारामारी सुरू झाली की सगळे उभे राहून ओरडतात, माझा मुलगा पण. गोल झाला तरी एवढा आवाज होत नाही. फोनवर तो त्याच क्लिप्स बघतो. परवा म्हणाला, आई, नुसतं चांगलं खेळून काही होत नाही, भिडावं लागतं, नाहीतर म्हणतात ब्राउन पोरं सॉफ्ट असतात. हे म्हणतात हेच तर हॉकी आहे, झेपत नसेल तर बॅडमिंटनला घाल त्याला. ताई, मला खेळ आवडतो हो, पहाटे साडेपाचला रिंकवर मीच घेऊन जाते. पण लोक नक्की काय बघायला येतात, खेळ का मारामारी? आणि मी त्याला काढू का?"

अगं, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, कारण तू बाकी सगळं सोडून तेच शोधत खाली येशील. काढू नकोस. निदान आत्ता, नुसत्या भीतीपोटी आणि त्याच्याशी नीट बोलल्याशिवाय तरी काढू नकोस. पण "हेच तर हॉकी आहे" हे नवऱ्याचं वाक्यही जसंच्या तसं गिळू नकोस, ते अर्धंच खरं आहे.

काय झालंय ना, तू दोन वेगळ्या गोष्टी एकाच माळेत ओवल्यास, तुझा नवरा पण तेच करतोय, आणि आता लेकही तेच शिकलाय. धक्का वेगळा आणि ठोसा वेगळा. बॉडी चेक म्हणजे पक, ती खेळायची रबराची चकती, ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याने नाहीतर कमरेने आडवं जायचं, डोक्याला लागता कामा नये, पाठीमागून तर नाहीच नाही, आणि हेतू एकच, पक सोडवून घ्यायचा. तो खेळाचा भाग आहे, जसा कबड्डीत ब्लॉक आहे तसा. ठोसा म्हणजे दोघांनी ग्लव्ह्ज खाली टाकले, घड्याळ थांबलं, पक कुठेतरी कोपऱ्यात पडलाय त्याकडे कुणाचं लक्षही नाही, लाइन्समन दोघं कधी खाली पडतात त्याची वाट बघत उभे, मग पाच-पाच मिनिटं दोघं पेनल्टी बॉक्समध्ये, आणि खेळ होता तिथूनच परत सुरू. स्कोअर तोच, वेळ तीच.

तू प्लेऑफ्स, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्या, बघतेस ना? मग एप्रिल ते जून नीट लक्ष देऊन बघ. एनएचएल या इथल्या सगळ्यात मोठ्या लीगचा स्टॅनली कप समोर दिसायला लागला की धक्के वाढतात, कोपऱ्याकोपऱ्यात बोर्ड्स, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंती, दणाणतात, आणि मारामाऱ्या कमी होतात. सात-सात मॅचेसची सिरीज, एक गोल इकडेतिकडे झाला तर वर्षभराची मेहनत पाण्यात, मग आपला माणूस पाच मिनिटं बॉक्समध्ये बसलेला कुठल्या कोचला परवडेल? म्हणजे जिथे जिंकण्याशी सगळ्यात जास्त मतलब असतो तिथे खेळणारेच ठोसा बाजूला ठेवतात आणि धक्का ठेवतात. तुझ्या नवऱ्याला हे एवढंच विचार, उत्तर त्यालाही माहिती आहे.

आता लोक काय बघायला येतात. इथे मी तुला गोड गोड काही सांगणार नाही, कारण मी स्वतः ओरडलेय. मी १९८६ च्या नोव्हेंबरात लग्न होऊन एडमंटनला आले, बाहेर उणे पंचवीस, कुणी ओळखीचं नाही, आणि शेजारच्या युक्रेनियन कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये टीव्हीवर पहिल्यांदा ही हॉकी बघितली. आमच्या घरी हॉकी म्हणजे हिरवळीवरची, ध्यानचंदांच्या गोष्टी ऐकत वाढलेली मी, आणि इथे पहिल्या पंधरा मिनिटांत दोन बाप्ये एकमेकांच्या जर्सी डोक्यावरून ओढून मारतायत. मी डोळ्यांवर हात घेतले. दुसऱ्या महिन्यात मात्र मी हात काढून बघायला लागले आणि जानेवारीत मी उभी राहून ओरडत होते, कारण तोवर ती माझी टीम झाली होती आणि समोरच्याने आमच्या पोराला मागून मारलं होतं. आपल्या माणसाला कुणी हात लावला आणि दुसरा आपला माणूस धावून गेला, हे बघून छाती भरून येते गं, त्यात खोटं काही नाही. तुझ्या दिवाणखान्यात ओरडणारे ते सगळे घरदार सोडून लांब आलेले लोक आहेत, पाठीशी उभं राहणारं कुणी असावं असं त्यांना वाटतं, मला तरी त्या ओरडण्यात रक्ताची भूक कधी ऐकू आली नाही.

पण मी परत परत त्या बेसमेंटमध्ये गेले ते त्याच्यासाठी नाही. गेले ते आमच्या एडमंटन ऑइलर्स टीमच्या वेन ग्रेट्स्कीसाठी. तोसुद्धा बारीकच बरं का, त्या गर्दीत कॉलेजचा मुलगा वाटायचा. पक घेऊन नेटच्या मागे जाऊन उभा राहायचा, लोक त्या जागेला त्याचं ऑफिसच म्हणायचे. डिफेन्समन डावीकडून आला की हा उजवीकडून सरकणार, उजवीकडून आला की डावीकडून, नेटलाच ढाल केलेली, गोलकीपर बिचारा मान वळवून वळवून बघतोय, आणि हा मात्र पककडे बघतच नाहीये, त्याची नजर समोर, फिनलंडचा यारी कुरी कुठून येतोय त्यावर. मग एक हलकासा पास, स्टिकने नुसतं ढकलल्यासारखा, आणि कुरी तिथे यायच्या आधीच पक तिथे पोचलेला. ते जेव्हा पहिल्यांदा माझ्या नीट लक्षात आलं ना, तेव्हा मला आमच्या सांगलीच्या आजोबांची आठवण झाली, ते कुस्तीचं एक मैदान चुकवायचे नाहीत आणि म्हणायचे ताकद सगळ्यांकडे असते, डाव सुचायला पाहिजे. मोठा पैलवान अंगावर आला आणि बारक्याने खाली वाकून पट काढला की मैदान जसं उठतं तसं ते होतं. आणि ते उठतं कशामुळे, तर समोरचा मोठा आहे आणि खरोखर अंगावर येतोय म्हणूनच. त्याला आडवं येणारं कुणीच नसतं तर तो पट काय नि तो पास काय.

म्हणून मी म्हणते धक्का काढून टाकला तर या खेळातलं बरंच काही जाईल. ग्रेट्स्कीचं कसब दिसायचं ते त्या दोन-तीन सेकंदांच्या धोक्यातच.

आता कुणीतरी तुला सांगेल, अहो ग्रेट्स्कीला कुणी हात लावत नव्हतं कारण त्याच्या मागे मार्टी मॅकसोर्ली उभा असायचा, त्याच्या आधी डेव्ह सेमेंको असायचा. खरं आहे ते. ऑगस्ट १९८८ मध्ये ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसला विकलं, त्या दिवशी आमच्या गल्लीत माणसं घरातलं कुणी गेल्यासारखी फुटपाथवर उभी होती, आणि त्याच सौद्यात मॅकसोर्लीही गेला त्याच्याबरोबर. पण पुढचं कुणी सांगत नाही. २००० च्या फेब्रुवारीत त्याच मॅकसोर्लीने मॅच संपायला अगदी थोडा वेळ उरलेला असताना व्हँकूव्हरच्या डोनाल्ड ब्रॅशियरच्या डोक्यावर मागून स्टिक मारली, तो मागच्या मागे कोसळला, डोकं बर्फावर आपटलं. मॅकसोर्लीवर कोर्टात खटला चालला, दोषी ठरला, आणि त्यानंतर तो एनएचएलमध्ये कधीच खेळला नाही. आयुष्यभर ज्याला सांगितलं की तुझं काम मारणं आहे, त्याचा शेवट असा झाला. मला त्याचा राग येतो आणि वाईटही वाटतं.

आणि डेरेक बूगार्ड. तुझ्या लेकाला ही गोष्ट सांग, वयाला झेपेल तेवढीच सांग पण सांग. ६ फूट ७ इंच उंच, सास्काचेवनचा पोरगा, एनएचएलमध्ये २७७ मॅचेस खेळला आणि त्यात ३ गोल. तीनच. कारण त्याला गोल करायला ठेवलंच नव्हतं, मारामारी करायला ठेवलं होतं. मिनेसोटात प्रेक्षकांचा प्रचंड लाडका, तो बर्फावर उतरला की अख्खं स्टेडियम उठायचं. हात मोडलेले, डोक्याला मार, पेनकिलरची सवय लागलेली, आणि मे २०११ मध्ये २८ व्या वर्षी दारू आणि गोळ्या एकत्र होऊन गेला. नंतर त्याचा मेंदू तपासला तर त्यात सीटीई निघालं, डोक्यावर पुन्हा पुन्हा आघात होऊन मेंदू खराब होत जातो तो आजार, २८ वर्षांच्या मुलाला. बॉब प्रोबर्ट त्याच्या आदल्या वर्षी गेला होता, तो डेट्रॉइटचा, माझ्या काळातला सगळ्यात मोठा मारकुटा, त्याच्या मेंदूतही तेच निघालं. आम्ही ज्यांच्यासाठी ओरडलो ती ही माणसं आहेत. मी तेव्हापासून मारामारीला उभी राहत नाही. कुणी सांगितलं म्हणून नाही, आवाजच फुटत नाही.

तुझा लेक म्हणतो भिडल्याशिवाय काही होत नाही. त्याला फिलाडेल्फिया फ्लायर्सचा हिशोब दाखव. १९७४ आणि १९७५, लागोपाठ दोन कप, टीमचं टोपणनावच ब्रॉड स्ट्रीटचे गुंड, आणि त्यातला डेव्ह शुल्ट्झ, ज्याने १९७४-७५ च्या एका सीझनमध्ये ४७२ मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये काढली, म्हणजे जवळजवळ ८ अख्ख्या मॅचेस नुसतं बसून, तो रेकॉर्ड आजही कुणी मोडलेला नाही. सगळ्यांना आठवतो तो शुल्ट्झच. पण दोन्ही वर्षी प्लेऑफ्सचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी कुणाला मिळाली माहितीये? गोलकीपरला, बर्नी पॅरेंटला. जो कुणाशी मारामारी करत नव्हता, नेटमध्ये उभा राहून पक अडवत होता. आणि १९७६ ला मॉन्ट्रियल कॅनेडियन्स आले, गी लाफ्लरचे केस वाऱ्यावर उडतायत, हेल्मेट नाही, आणि त्यांनी ह्याच फ्लायर्सना फायनलमध्ये ४-० असं सरळ धुतलं.

तुझा मुलगा बघत असेल ती क्लिपही मी ओळखते. १५ फेब्रुवारी २०२५, मॉन्ट्रियल, फोर नेशन्स या चार देशांच्या स्पर्धेची मॅच, कॅनडा विरुद्ध अमेरिका, पहिल्या ९ सेकंदांत ३ मारामाऱ्या, त्यातले दोघं सख्खे भाऊ टकाचुक. ती जगभर फिरली, पुण्याहून माझ्या भाच्याने मला पाठवली, ज्याने आयुष्यात हॉकीचा पक हातात घेतलेला नाही. आता लेकाला विचार, त्या मॅचमध्ये पहिला गोल कुणी केला? कॉनर मॅकडेविडने, समोरचे डिफेन्समन मागे राहिले नि हा एकटा पुढे, तो वेग टीव्हीवर बघून अंगावर काटा आला. मॅच कोण जिंकलं? अमेरिका, ३-१. आणि पाच दिवसांनी बॉस्टनला फायनल झाली तेव्हा एकानेही ग्लव्ह्ज टाकले नाहीत, मॅच २-२ वर ओव्हरटाइममध्ये गेली, कॅनडाच्या बिनिंग्टनने एकेक अशक्य शॉट अडवले आणि शेवटी परत मॅकडेविड, ३-२. मी तेव्हा किती ओरडले असेन सांगू, खालच्या मजल्यावरची बाई वर आली विचारायला. ती फायनल पूर्ण बसून बघ त्याच्याबरोबर. क्लिप नाही, अख्खी मॅच. कारण क्लिप्सचा दोष आहे तो, मारामारी २० सेकंदांत मावते, ग्रेट्स्कीचा पास समजायला त्याच्या आधीचं दीड मिनिट बघावं लागतं.

एक गोष्ट मात्र मला मान्य करायलाच हवी, आणि ऑइलर्सची माणूस म्हणून ती करताना अजून दुखतं. २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन वर्षं फायनलमध्ये फ्लोरिडा पँथर्सनी आम्हाला हरवलं, आणि ते नुसत्या नाजूक हातांनी नाही. प्रत्येक वेळी आमचा डिफेन्समन पक घ्यायला कोपऱ्यात गेला की दोन सेकंदांत अंगावर कुणीतरी आहेच, परत, परत, परत, तिसऱ्या पिरियडपर्यंत आमची पोरं पककडे जायच्या आधी खांद्यावरून मागे बघायला लागली होती. हा धक्क्याचा खरा उपयोग. तेव्हा बारीक पोराला कुणी हातच लावणार नाही अशी हॉकी वरच्या लेव्हलला नसते, हे त्याला आणि तुला दोघांनाही माहीत असलेलं बरं.

मग बारीक पोराने करायचं काय. इथे मी माझ्या घरातलं सांगते. माझा धाकटा हॉकी खेळला, आणि तेव्हा आमच्या अल्बर्टा प्रांतात ११ व्या वर्षीच बॉडी चेकिंग सुरू व्हायचं. अकरा वर्षांची पोरं, एकाचं अंग माणसाएवढं वाढलेलं नि दुसरा माझ्या कमरेएवढा. आमच्या कोचने एक दिवस, फक्त एक दिवस, चेकिंग शिकवलं आणि तेसुद्धा मारायचं कसं ते, घ्यायचं कसं ते नाहीच. बाराव्या वर्षी तो बोर्डपासून दोन-तीन फुटांवर पाठमोरा थांबला, पक पायांत अडकला म्हणून खाली बघत, आणि मागून धक्का बसला. कॉलरबोन मोडलं. मी काचेच्या ह्या बाजूला, मध्ये फक्त ग्लास, आणि मला त्याचा चेहरा दिसत होता. कोच म्हणाला असं होतंच. नाही, असं होतंच असं नाही. पुढे २०१० मध्ये कॅलगरी युनिव्हर्सिटीच्या लोकांचा अभ्यास आला, अल्बर्टात ११-१२ वर्षांच्या मुलांना चेकिंगची परवानगी होती आणि क्यूबेकमध्ये नव्हती, दोन्हीकडची मुलं त्यांनी ताडून बघितली तर अल्बर्टाच्या मुलांना डोक्याच्या दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त निघाला. त्यानंतर २०१३ ला हॉकी कॅनडाने देशभर त्या वयोगटातलं चेकिंग बंद केलं. म्हणजे तुझ्या लेकाला जी दोन वर्षं जास्त मिळाली ती माझ्या लेकाला मिळाली नव्हती, ती कित्येक आईबापांनी मीटिंगांमध्ये शिव्या खाऊन मिळवलेली आहेत. "पोरं मऊ होतील" हे मी स्वतः समोर बसून ऐकलंय.

मऊ म्हणायची यांची जुनी सवय आहे गं. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये मॉन्ट्रियलचा गोलकीपर झाक प्लांट, तोंडावर पक लागून चेहरा फाटला, आत जाऊन टाके घालून आला आणि म्हणाला आता मास्क लावल्याशिवाय मी नेटमध्ये उभा राहणार नाही. त्याच्या कोचला ते पसंत नव्हतं, लोक म्हणाले घाबरला. आज मास्कशिवाय उभा राहिलेला गोलकीपर दाखव मला कुठे. हेल्मेट सक्तीचं झालं १९७९ ला आणि तेही फक्त नव्या खेळाडूंना, डोक्यावरचा धक्का बेकायदा ठरायला २०१० उजाडलं, क्यूबेकच्या ज्युनियर लीगमध्ये तर आता २०२३ पासून मारामारी केली की सरळ मॅचबाहेर. आणि एनएचएलमध्ये मी आले तेव्हा जवळजवळ दर मॅचला एक मारामारी असायची, आता चार-पाच मॅचेसमागे एक. हॉकी काही संपली नाही. उलट आजच्यासारखं स्केटिंग आणि आजच्यासारखे हात मी ह्या ४० वर्षांत बघितले नाहीत.

तर तुझ्यासाठी. पहिलं म्हणजे असोसिएशनला फोन करून विचार की कुठल्या लेव्हलला चेकिंग आहे आणि कुठल्या नाही, कारण सगळीकडे नसतं, हाऊस लीगमध्ये, म्हणजे क्लबच्या आतल्या साध्या लीगमध्ये, नसतंच, आणि तिथेही उत्तम हॉकी होते, त्यात कमीपणा काही नाही. मग हे लेकासमोर ठेव आणि त्याला ठरवू दे. त्याने वरचीच टीम निवडली तर हा उन्हाळा वाया घालवू नकोस, चेकिंग क्लिनिकला घाल, पण आधी तिथल्या कोचला विचार की तुम्ही धक्का घ्यायला शिकवता का. हॉकी कॅनडाची शिकवायची पद्धतच अशी आहे की आधी अँगलिंग, म्हणजे समोरच्याची वाट कशी कापायची, मग स्टिकने पक काढणं, मग अंगाला अंग लावून खेळणं, आणि सगळ्यात शेवटी चेक. जो कोच पहिल्या दिवशीच शेवटच्या पायरीवर उडी मारतो त्याच्याकडून पोराला उचलून घरी आण.

आणि बोर्डची गोष्ट त्याच्या डोक्यात घट्ट बसव. बोर्डपासून दोन-चार फूट हीच सगळ्यात वाईट जागा, माझ्या लेकाची तीच होती. एकतर बोर्डला अगदी खेटून जायचं, गुडघे वाकवलेले, खांदा आणि कुशी बोर्डकडे, म्हणजे धक्का अख्ख्या अंगावर पसरतो, नाहीतर लांब राहायचं. पक उचलायला जायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायचं. मान खाली घालायची नाही, कधीच नाही, २००० सालच्या प्लेऑफ्समध्ये एरिक लिंड्रॉससारखा धिप्पाड माणूस मान खाली घालून मधून आला आणि स्कॉट स्टीव्हन्सचा खांदा बसला, त्यानंतर तो पूर्वीचा लिंड्रॉस राहिला नाही. शेवटच्या क्षणी समोरच्याला पाठ दाखवायची नाही. आणि लहान मुलांच्या जर्सीवर पाठीमागे ते लाल स्टॉपचं चिन्ह शिवलेलं असतं ना, ते दिसलं की आपणही थांबायचं, हे दोन्ही बाजूंनी आहे.

डोक्याला लागलं तर त्या दिवशी परत बर्फावर नाही, कोच काहीही म्हणो, मॅच कितीही महत्त्वाची असो. तुमच्या ऑन्टारियोत तर रोवनचा कायदा आहे, रग्बी खेळताना डोक्याला पुन्हा पुन्हा लागून गेलेल्या १७ वर्षांच्या मुलीच्या नावाने केलेला, दरवर्षी तू त्यावर सही करतेस, तो कागद एकदा लेकाला शेजारी बसवून मोठ्याने वाच.

राहिलं ते ब्राउन पोरं सॉफ्ट. हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते त्याला कुणीतरी ड्रेसिंग रूममध्ये ऐकवलंय, तो ते घरी मारामारीच्या क्लिप्समध्ये घालून परत आणतोय. त्याला रागावू नकोस. कुणी म्हणालं, कधी म्हणालं, ते शांतपणे विचार, गाडीत विचार, पोरं गाडीत बोलतात, समोर बघून बोलायचं असतं ना. परत परत होत असेल तर मॅनेजरला लेखी कळव. आणि त्याला सांग की १९८९ मध्ये रॉबिन बावा एनएचएलमध्ये खेळला, ब्रिटिश कोलंबियातल्या डंकनचा पंजाबी मुलगा, आपल्या वंशाचा पहिला, आणि आता दर शनिवारी पंजाबीतून हॉकीची कॉमेंट्री होते, ती लाव एखाद्या दिवशी, हरनारायण सिंगांचा आवाज ऐकला की कळेल आपली माणसं ह्या खेळात पाहुणी राहिलेली नाहीत. आणि सॉफ्टचं म्हणशील तर पहाटे साडेपाचला उणे पंधरात उठून स्केट्स बांधणारं पोर कुठल्या बाजूने सॉफ्ट आहे? पक घेऊन कोपऱ्यात जायचं, मोठा पोरगा येतोय हे माहीत असून जायचं, धक्का खायचा आणि पास पूर्ण करून मगच पडायचं, याला धैर्य लागतं, ठोसा मारण्यापेक्षा जास्त लागतं.

नवऱ्याशी भांडू नकोस, मित्रांना यायला बंदी वगैरे तर अजिबात घालू नकोस. तो काही वाईट बाप नाही, त्यालाही मुलगा कुणापुढे दबू नये असंच वाटतंय, फक्त त्याला दाखवायला ठोसाच सापडलाय. शनिवारी तूही चहाचा कप घेऊन तिथेच बस, स्वयंपाकघरात पळू नकोस, आणि चांगला पास झाला की तू ओरड. मनापासून, मोठ्याने. पहिल्या दिवशी सगळे वळून बघतील. लेक पण बघेल.

आणि त्याच्या फोनवर एक नाव शोधून दे, पावेल दात्सुक, डेट्रॉइटचा. हा पठ्ठ्या लागोपाठ चार वर्षं, २००६ ते २००९, सभ्य खेळाची लेडी बिंग ट्रॉफी घेऊन गेला आणि त्याच काळात लागोपाठ तीनदा सर्वोत्तम बचाव करणाऱ्या फॉरवर्डची सेल्की पण. सभ्य आणि तरीही कुणाला पक ठेवू देत नाही. त्याचं एक बघायला सांग: समोरचा पक घेऊन निघालाय, हा मागून आवाज न करता येतो, आपल्या स्टिकने त्याची स्टिक खालून जराशी, चार बोटं, वर उचलतो, पक तिथेच बर्फावर राहतो, हा तो उचलून उलट्या दिशेने निघूनही गेला, आणि तो बिचारा अजून पक आपल्याकडेच आहे असं समजून दोन पावलं पुढे स्केटिंग करतोय. बारीक पोराला जमण्यासारखं आहे ते. ड्राइव्हवेवर बापाबरोबर करून बघू दे, टेनिसचा बॉल चालतो, स्टिक कुठे धरायची ते दोन दिवसांत कळतं.